आरच्या डोक्यावरचा दोन

"के, क्यू वन, भागिले आर स्क्वेअर," निनाददादानं सांगितलं आणि शर्वाणीचं पेन कागदावरच थबकलं. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून बारावीचा फिजिक्सचा पेपर तो तोंडी सांगत होता आणि शेजारची अकरावीतली शर्वाणी लेखनिक म्हणून लिहीत होती.

दोन चार्जेसच्या मधल्या बिंदूवर पोटेन्शियल किती, एवढंच काढायचं होतं. आरचा वर्ग फोर्सच्या सूत्रात असतो, पोटेन्शियलच्या सूत्रात नुसतं आर, हे हात मोडायच्या आधी गॅलरीत बसून त्यानंच तिला समजावलं होतं. "मी यात कधीच चुकत नाही," तो म्हणाला होता. "चुकीचं लिहायला गेलं की माझा हातच थांबतो."

आज तो हात गळ्यात बांधलेला होता.

"दादा..." तिच्या तोंडून निघून गेलं. पर्यवेक्षक बाई लगेच जवळ आल्या. "तो सांगेल तेवढंच लिहायचं हं. परत काही बोललीस, तर त्याचा पेपर काढून घ्यावा लागेल मला."

शर्वाणीनं आरच्या डोक्यावर दोन काढला, जमेल तितका बारीक. त्याच चुकीवरून तो पुढे पोटेन्शियल एनर्जीपर्यंत सांगत गेला आणि ती मुकाट लिहीत गेली.

"आता वाचून दाखव सगळं," तो म्हणाला. वाचायला परवानगी होती. तिला एकदम हायसं वाटलं. ती सावकाश वाचू लागली आणि आरपाशी येऊन थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत थांबूनच राहिली.

"स्क्वेअर गं," तो हसून म्हणाला. "विसरलीस की काय? वाच पुढे."