स्क्रीन काळी, पंखा चालू

"स्क्रीन काळी, पण पंखा फिरतोय. असंच ना?"

ती अजून पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढतच होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"या मॉडेलचं हेच दुखणं," मेकॅनिक म्हणाला आणि लॅपटॉप त्याने तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

माणूस तिला पहिल्या नजरेतच पटला नाही. वय तिशीचं, दाढीचे खुंट वाढलेले, आणि नजरेला नजर म्हणून देईना. पण लॅपटॉपच्या पाठीवर याच दुकानाचं स्टिकर होतं, आणि दुसरं दुकान शोधत हिंडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"तो स्वतः का नाही आला?" त्याने विचारलं.

"दवाखान्यात आहे माझा मुलगा. जिन्यावरून पडला. डोक्याला मार लागलाय, अजून शुद्धीवर नाही."

मेकॅनिकच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो उचलायला वाकला आणि बराच वेळ टेबलाखालीच राहिला.

"घरात कोण होतं तेव्हा?" वर येत त्याने विचारलं.

काय हा भोचकपणा! "कुणी नव्हतं. मी कामावर, दीर त्यांच्या दुकानात. तुम्ही लॅपटॉपचं बघा ना. डॉक्टर म्हणालेत, ओळखीचे आवाज ऐकवत राहा. त्याच्या खेळाचा आवाज त्याला झोपेतही ओळखू येईल. दिवसरात्र तेच तर चालायचं, जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा."

मेकॅनिकने लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला. तोही काळाच. मेमरी काढून, पुसून परत बसवली. काही फरक नाही.

"स्क्रीन ठणठणीत आहे. ग्राफिक्स कार्ड गेलंय, म्हणजे चित्र दाखवणारा भाग. बाकी सगळं जिवंत आहे."

"आमचे भाऊजी तर म्हणाले, खोकं झालंय नुसतं, भंगारात टाका."

"भाऊजी म्हणजे?"

"माझे धाकटे दीर. आमच्यातच राहतात." तिचा आवाज मऊ झाला. "हे गेल्यावर त्यांनीच घर सावरलं. आताही माझ्या मुलाच्या उशाशी तेच बसून असतात, म्हणून मला घटकाभर डोळा लागतो. आज सकाळी त्याने बोट हलवलं. डॉक्टर म्हणाले, आता कधीही शुद्धीवर येईल, बोलायलाही लागेल. ऐकून भाऊजी मटकन खालीच बसले हो."

मेकॅनिकने मान वर केली, तिच्याकडे टक लावून पाहिलं, पुन्हा खाली घातली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. लवकर काम उरकावं आणि निघावं, असं तिला झालं.

त्याने पाठीचं झाकण उघडलं. आत धुळीची नुसती गादी बसली होती. "बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कार्ड बोर्डालाच चिकटवलेलं असतं, यात सुटं निघतं. नशीब," तो पुटपुटला. कार्ड काळपट पडलं होतं. फडताळातल्या एका जुन्या लॅपटॉपचं कार्ड काढून त्याने ते पुसलं, त्यावर राखाडी पेस्ट लावली आणि जागेवर दाबून बसवलं. त्याआधी ते दोनदा त्याच्या हातून निसटलं. याला काम येतं की नाही, अशी तिला शंका आली.

बटण दाबलं. पंखा घुमला आणि स्क्रीनवर लख्ख उजेड पडला.

"आलं की!" ती लहान मुलीसारखी ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पासवर्ड मागतोय. तुमच्या दिरांना विचारा."

"त्यांना कुठला माहीत असायला?"

"विचारून तर बघा, ताई. आणि फोन स्पीकरवर ठेवा."

हे काय नवीनच! पण वाद घालायला तिच्या अंगात बळ नव्हतं. तिने फोन लावला.

"चालू झाला?" दिरांचा भरदार आवाज दुकानभर पसरला. "कशाला नसता उपद्व्याप, वहिनी? पासवर्ड मला काय ठाऊक! बरं, तुम्ही घाई करू नका. चार घास खाऊन सावकाश या. नर्सबाईंनाही मी चहाला पाठवलंय. मी आहे ना त्याच्यापाशी."

फोन बंद झाला. "बघा, देवमाणूस आहे अगदी," ती डोळे पुसत म्हणाली.

मेकॅनिकचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने स्कूटरची किल्ली उचलली, तिचा दंड धरला आणि तिला दाराकडे ओढलं.

"अहो, हात सोडा! काय चाललंय काय तुमचं?"

"दवाखान्यात फोन लावा, ताई. कुणालाही आधी त्याच्या खोलीत पाठवा म्हणावं!" त्याने एका हाताने शटर खाली ओढलं. "तो पडला त्या संध्याकाळी आम्ही दोघं नेटवरून खेळत होतो. त्याची स्क्रीन गेली, पण माझ्याशी बोलणं चालूच होतं. मीच म्हटलं, बंद करू नकोस, पंखा फिरतोय का ते सांग. तेवढ्यात खोलीत कुणीतरी आलं. खोकं बंद पडलंय असंच त्या माणसाला वाटलं असणार. मला वाटलं, घरातलं भांडण. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना."

"कोण माणूस?"

"आत्ता फोनवर होता तोच आवाज, ताई. भांडत भांडत दोघं जिन्याकडे गेले, आणि तुमचा मुलगा ओरडला, 'काका, ढकलू नका!'"