तिसरा सायलेन्सर

त्या काळी कळंब तालुक्यात फटफटी एकच, आण्णासाहेबांची. तिला भारदस्त आवाज हवा म्हणून त्यांनी सोलापूरहून तीन सायलेन्सर मागवले. पहिला फडफडला, दुसरा खोकला. दगडोबा मिस्त्रीनं आपल्या दुकानापुढं तिसरा बसवला.

"मारा किक, मालक."

आण्णासाहेबांनी पाय उचलला, तोच लांबून रस्त्यावर फटफटीचा आवाज घुमला. देवळातल्या नगाऱ्यासारखा.

"अस्साच पायजे! कुणाची रं गाडी?"

"तुमच्याबिगर हाय कुणाकडं?"

आवाज जवळ आला. धूळ दुभंगली. वाटेत बसलेली गुरं उठून बाजूला झाली. गाडी मात्र दिसेना. आवाज दुकानाकडं वळला आणि त्यांच्यापाशी येऊन थांबला.

आण्णासाहेबांनी नकळत पायातल्या चपला काढल्या. किक न मारलेल्या आपल्या गाडीच्या सायलेन्सरला त्यांनी हात लावला.

चटका बसला.