नववी नळी

“तुमच्या कचेरीनं माझा नवरा जाळला. आणि सात आठवडे इकडं कुत्रं फिरकलं नाही.”

ओफिलिया प्रूइट उभी राहून बोलली. शाळेच्या जेवणघरात साठेक माणसं होती, सगळी तेलावर जगणारी. टेबलामागच्या, रेल्वेच्या तपासणी कचेरीतून आलेल्या साहेबानं मान वर केली नाही.

“प्रश्न शेवटी, बाई. आधी समजून घ्या.”

समजावून सांगायचा सोस त्याला भारी. कॅलिफोर्नियातल्या त्या तेलगावात रेल्वेच्या टाक्या भरता भरता माणसं म्हातारी झाली होती. त्यांना हा टाक्या कशा भरतात ते शिकवणार होता. दुधाच्या काउंटरवरून त्यानं तेरा कागदी पेले मागवले, तेरा स्ट्रॉ मागवले, दोन्ही मोजून घेतले. पेले रांगेत मांडले. एका पेल्यावरून दुसऱ्यावर स्ट्रॉ टेकवत शेवटापर्यंत गेला.

“हे टाक्यांचे डबे. या मधल्या नळ्या. पहिल्या डब्याला इथला लोखंडी पाइप लागतो, शेवटच्याचं तोंड झाकणानं बंद. एका टोकानं तेल सोडलं की डब्यातून डब्यात जात सगळी माळ भरते. कळलं?”

“आता कळलं,” मागून म्हातारा हॉबर्ट म्हणाला. “वीस वर्षं मला वाटत होतं, आपण गाई धुतोय.”

लोक हसले. साहेब हसला नाही. हातातल्या स्ट्रॉनं त्यानं नवव्या आणि दहाव्या पेल्यांच्या मध्ये टकटक केलं.

“ही नळी सुटली. तेल उडालं, वाफेनं पेट घेतला. डेल्मर प्रूइट नेमका तिथं उभा होता.”

नेमका. जसं काही डेल्मर तिथं हवा खायला गेला होता.

मग साहेबानं स्वतःचाच अहवाल वाचला, स्वतःची आरती म्हणावी तसा. “अपघाताच्या आदल्या आठवड्यात, डबे रिकामे असताना, मी स्वतः ही तेरा डब्यांची माळ चालत तपासली. डब्याला डबा जोडणाऱ्या तेराही नळ्या हात लावून पाहिल्या. रबर कुठंही चिरलेलं नव्हतं.” त्यानं कागद खाली ठेवला. “म्हणजे नळी चांगली होती. बांधणारा नालायक होता. वेंडल टॅकेट, उभा राहा.”

वेंडल उभा राहिला. अठरा वर्षं तो आणि डेल्मर एकाच थर्मासमधली कॉफी प्यायले होते. अपघातापासून तो रोज ओफिलियाच्या फाटकापर्यंत यायचा आणि परत फिरायचा.

“भरण्याआधी नळ्या तू बघतोस?”

“होय.”

“कशावरून?”

“फळी असते माझ्याकडं. एक नळी ओढून बघितली की खडूनं एक रेघ. माझा बापही असंच करायचा.”

“रेघा किती व्हायला हव्यात?”

“मोजत नाही. माळ कधी लहान असते, कधी मोठी. झाकण लागेपर्यंत चालतो.”

साहेबानं पिशवीतून अपघाताच्या दिवशीची ती फळी काढून त्याच्यापुढं टाकली. “आता मोज.”

वेंडलनं मोजल्या. बोट लावून पुन्हा मोजल्या.

“बारा.”

“आणि डबे?”

“तेरा.”

“शाळा किती झाली तुझी?”

“आठवी.”

“तरीच. तेरा डबे, बारा रेघा. एक तू बघितलीच नाहीस. कुठली, ते डेल्मरनं सांगितलं असतं.”

कुणी टोपीशी चाळा करू लागलं, कुणी जमिनीकडं बघू लागलं. वेंडल वळला.

“ओफिलिया, मला वाटलं होतं मी सगळ्या बघितल्या.”

त्या घडीला त्याचा गळा हाताशी असता तर तिनं सोडला नसता. त्याचं तोंड बघवेना, म्हणून ती टेबलावरच्या पेल्यांकडं बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत.

साहेबानं एक छापील कागद वेंडलपुढं सरकवला. “‘माझ्या हलगर्जीपणामुळं’ असं लिहिलंय तिथं सही कर. जेवणाआधी मोकळे होऊ.”

वेंडलनं पेन उचललं. तो सही करणार होता. साहेब खुर्चीत मागं रेलला, हातातला स्ट्रॉ दातांत चघळत.

“हां बाई, तुमचं काहीतरी राहिलं होतं. विचारा आता.”

ओफिलिया टेबलापाशी आली. तिनं वेंडलच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“साहेब, तेरा पेले जोडून झाले, तरी एक नळी तुमच्या दातांत उरली. हात लावून तपासलीत ना ती? मग कुठल्या दोन डब्यांमधली, तेवढं सांगा.”