बाईसाहेब घरी नाहीत

आमच्या लंडनमध्ये दारावरच्या नोकराने "बाईसाहेब घरी नाहीत" म्हटलं, की शहाण्या पाहुण्याने ओळखायचं: त्या घरातच आहेत, पण तुमचं तोंड बघायचं नाहीये. आठ वर्षांपूर्वी आमच्या बाईसाहेबांच्या दारात कॅप्टन थॉरल्डना मी हेच ऐकवलं, आणि ते हेरगिरी करायला फ्रान्सला निघून गेले.

काल एका नाचाच्या मेजवानीत दोघं पुन्हा भेटले. बाईसाहेब गुणगुणतच घरी आल्या. आज दुपारी कॅप्टन फुलं घेऊन दारात हजर!

"बाईसाहेब घरी नाहीत, साहेब."

"पुन्हा तेच, प्रिचर्ड?"

"देवाशपथ, खरंच नाहीत! हवं तर आत येऊन बघा."

"सभ्य माणूस असा आत शिरतो होय? राहू दे. थांबा म्हणाल्या असत्या, तर आजची फ्रान्सची बोट चुकवली असती मी."

फुलं दाराजवळच्या मेजावर ठेवून ते गेले.

अंधार पडल्यावर बाईसाहेब परतल्या. त्या कॅप्टनच्याच बिऱ्हाडी गेल्या होत्या.

"फ्रान्समध्ये त्यांचं बिंग फुटलंय, प्रिचर्ड. तिथे उतरले की थेट फासावर! सकाळी युद्धखात्यातल्या माझ्या भावाने सांगितलं आणि मी धावले. तर त्यांचा नोकर म्हणतो, साहेब घरी नाहीत. वर शपथा घेतो मेला! मला काय कळत नाही? बाहेर येतील म्हणून इतका वेळ गाडीत बसून राहिले." त्या डोळे पुसून हसल्या. "रुसू देत. घरात आहेत ना, मग झालं."


मी मेजावरची फुलं झाकत उभा राहिलो.