लाल पावलं

गॅलरीपासून देवघरापर्यंत लाल पावलं उमटली होती. इवलीशी, ओली, अगदी ताजी.

विमलानं हातातलं तांदळाचं पीठ खाली ठेवलं. मार्गशीर्षातला गुरुवार. ती लक्ष्मीची पावलं काढायलाच बसत होती.

"अहो, या इकडे! आपण काढायच्या आधीच आली!"

दिवाकर धावत आला. त्यानं पावलं पाहिली. मग देवघराखाली दबून बसलेली चिंचिला पाहिली. खारीची शेपटी, सशाचं अंग, आणि तळवे रक्तानं माखलेले. ऑफिसातल्या शर्मिष्ठा मॅडम ट्रेनिंगला दिल्लीला जाताना तिला त्याच्या हवाली करून गेल्या होत्या. सुकम्याच्या नक्षली जंगलात बदली होणाऱ्यांत दिवाकरचं नाव होतं, आणि ते खोडणं मॅडमच्याच हातात होतं.

लेंड्या खाली पडाव्यात म्हणून त्यानंच पिंजऱ्यातली लाकडी फळी काढून टाकली होती. तेव्हापासून ती उघड्या तारेच्या जाळीवर उभी होती. गॅलरीतल्या पिंजऱ्याचं दार आज उघडं राहिलं होतं.

"रक्त आहे ना ते! पुसून टाक लवकर!"

"लक्ष्मीची पावलं पुसू? डोस्कं फिरलं का तुमचं?"

तेवढ्यात शेजारची आनंदी आली. वाकून बघत म्हणाली, "पाय चार-चार काहून दिसून राहिले वो, वहिनी?"

"जोडीनं आले असतील ना. विष्णू बी सोबत."

"हव," म्हणत आनंदीनं मोबाइल काढला. फोटो घेतला, पावलांचा आणि त्या जनावराचाही.

दिवाकरनं चिंचिला टॉवेलात गुंडाळली आणि जनावरांच्या डॉक्टरकडे पळाला. डॉक्टर तळवे बघून भडकले. "जखम हड्डी तक गई तो मर जाएगी. चलाना बिलकुल नहीं."

तो परतला तोवर फोटो मोहल्लाभर फिरला होता; अख्ख्या तात्यापाऱ्यातल्या बाया पूजेची ताटं घेऊन दारात उभ्या होत्या. "भैया, हमारे यहाँ भी एक चक्कर!" एकीनं टॉवेलाचं टोक धरलं. दुसरीनं ओढलं. आत काहीतरी थरथरलं.

त्यानं कसंबसं खोलीत शिरून कडी लावली. बाहेरून दार वाजत राहिलं. गॅलरीतून पिंजरा आत ओढून, त्यात मऊ चादर अंथरून त्यानं मलमाचं झाकण उघडलं, आणि फोन वाजला. शर्मिष्ठा मॅडम. फोटो दिल्लीला पोचला होता.

"मॅडम, चूक माझीच आहे," तो एका दमात बोलला. "जाळीनं तळवे फाटले तिचे. डॉक्टर म्हणे, चालवली तर मरेल."



"बदलीचं मी बघते," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी उद्या परत येतेय; परवा आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, तिला घेऊन या. तोवर मलम लावू नका."