पुरलेलं मडकं

शेजारचा उदय जहाजावर नोकरीला. अठ्ठ्याऐंशी साली त्याने तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या जॉर्जियाहून एका शेतकऱ्याच्या घरची जुनी, दुर्मीळ वाइन आणली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. निघताना मी आईला बजावलं, "गावचं काही काढू नकोस."

उदयच्या बायकोने, निशावहिनींनी, तिथल्यासारखी चीज भरलेली रोटी केली होती. उदय म्हणाला, "तिकडे मोठं मडकं जमिनीत पुरून वाइन करतात. आणि पिण्याआधी एकजण उभा राहून आईबद्दल खरं खरं बोलतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हीच गरजता ना? बोला."

मी ग्लास घेऊन उठलो. "मडकं पुरणं ही केवढी थोर संस्कृती! आणि माझी आई म्हणजे साधी, देवभोळी बाई. पुस्तकाची गोडी मला तिनेच लावली."

"देवभोळी कशाला?" आई रोटी चावत म्हणाली. "मीपण गुळाची मडकी पुरून दारू गाळायची. पोलीस आले की ह्याला पुस्तक देऊन त्या जागेवर बसवायची. कसला वाचतोय! चड्डी ओली करायचा."

उदयने माझ्या हातातला ग्लास काढून अदबीने आईपुढे धरला. "काकू, आधी तुम्ही चाखून सांगा."

मी रिकाम्या हाताने उभाच होतो.