दोन्ही टोकांचा प्रेमानंद

पायलच्या लग्नातला घरच्यांचा फोटो एका फ्रेममध्ये मावेना, म्हणून दुसरबीडच्या फोटोग्राफर नागसेनने तो तीन तुकड्यांत काढला. पायलच्या भावाला, प्रेमानंदला, मस्ती सुचली. पहिल्या तुकड्यात डाव्या टोकाला उभा राहून तो मागून पळत गेला आणि तिसऱ्यात उजव्या टोकाला उभा राहिला.

दुकानातल्या कंप्युटरवर जोडलेल्या फोटोत दोन प्रेमानंद बघून आईवडील खूप हसले. घरी गेल्यावर वडिलांनी नागसेनला फोन केला, "डावीकडचा पुसून टाक बे." त्याने पुसला. दुसऱ्या दिवशी, हे ठाऊक नसलेली आई दुकानात जाऊन नागसेनच्या बायकोला म्हणाली, "उजवीकडचा पुसजो वं माय." फोटोच्या टिफ फाइलमध्ये तिन्ही तुकडे सुटे होते. तिने फक्त तिसरा उघडला, त्यातला प्रेमानंद पुसला, तिन्ही जोडले आणि सुटे तुकडे उडवून टाकले. कॅमेऱ्याचं कार्ड तर आधीच रिकामं करून पुढच्या लग्नात भरलं होतं.

आठवड्याने प्रेमानंद मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळ्यांसोबतचा फोटो लावायचा म्हणून आई दुकानात आली. नागसेनने फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून दाखवला. "पुसलेलं आता परत येत नाही, मावशी."



"दोन होते ना बाप्पा. एक तरी मले राहू द्याचा होता."